निवसरला चव्वेचाळीस मिनिटं

तिकीटखिडकीतल्या मुलानं विचारलं, काकू, काम आहे का सावंतवाडीला?
म्हटलं, नाही. उद्या हीच गाडी उलटी येईल, तिनं परत.
त्यानं सुटे पैसे जरा जास्तच हळू मोजले,
म्हाताऱ्या माणसासमोर मोजतात तसे.

चौतीस वर्षं ट्रेझरीत रोज सकाळी
मी शिक्क्यातली तारीख बदलली.
अंगठ्याला जांभळी शाई, रविवारीही न निघणारी.
आता महिन्यातून एक दिवस
शिक्का न मारता जाऊ देते.

चिपळूण सुटलं. सावर्डे, आरवली, कडवई.
डब्यात गोणपाटात गुंडाळलेलं शिलाई मशीनचं डोकं,
कुणाच्या तरी लग्नाला निघालेले केळीचे दोन घड,
आणि समोर दाऊद परकार, निवृत्त ट्रॅकमन,
पास आहे म्हणून नव्हे,
"रूळ बघायला" निघालेले.

उक्षी गेलं, बोगदा आला, लोकांनी काचा ओढल्या.
परकारांनी आपली वर केली.
"करबुडे. साडेसहा किलोमीटर. वास घ्या."
ओल्या दगडाचा, जुन्या तेलाचा वास.
"पावसात रात्रपाळीला मी डोंगर ऐकायचो.
धोंडा सुटायच्या आधी झुडपातले किडे गप होतात."
मग?
"मग पळायचं नाही. बत्ती लाल करायची."
आणि उजेड एकदम आला,
लक्ष नसताना दूध उतू जावं तसा.

पानवलच्या पुलावर कुणी बोललं नाही.
खाली आंब्यांचे शेंडे, मोहरानं गंजल्यासारखे,
आणि त्यांच्यावरून सरकणारी आमची सावली,
एकेक डबा मोजून घ्यावा इतकी सावकाश.

निवसरला गाडी बाजूला घेतली.
क्रॉसिंग, एवढंच कळलं. कुणी विचारलंही नाही.
माणसं उतरली, नळाशी गेली, पाय मोकळे करत
रुळापलीकडच्या पपईच्या झाडाबद्दल बोलू लागली.
एका बाईनं टोपलीतले उकडलेले करांदे दिले,
मिठाची पुडी वेगळी.
"इथली जमीन बसते," परकार म्हणाले,
"चिकणमाती. आम्ही खडी ओतायचो, ती गिळायची.
सकाळी बघावं तर पुन्हा तोंड उघडं."

मग ती आली, सहलीची शाही गाडी,
चिपळूणला जिचं पोस्टर आहे: निवांत कोकण, सात रात्री.
काचेआड पांढरे मेजपोस, पितळी दिवे, भरदुपारी पेटवलेले.
एका बाईच्या ओठाशी काटा, माझ्या ओठाशी करांदा,
दोघींनी एकमेकींना पाहिलं
आणि घास कुणी आधी खावा हे ठरायच्या आत
ती रत्नागिरीच्या बाजूला निघूनही गेली.
बेचाळीस सेकंद.

परकारांनी डबे पाहिलेच नव्हते.
मान खाली, डोळे मिटलेले.
"सातवा डबा. चाक चपटं झालंय एका जागी.
ठक् ऐकलंत? दर फेऱ्याला एकदा."
मला फक्त वारा ऐकू आला होता.
ते उठले, चप्पल शोधली, फलाट ओलांडून
स्टेशन मास्तरच्या खोलीत गेले.
खिडकीतून दिसत होतं: मास्तर आधी हसला,
मग हसायचा थांबला, मग फोन उचलला.

"रत्नागिरीला थांबवतील," परत येऊन म्हणाले.
"तास जाईल. दोनही."
म्हटलं, बरंच झालं,
जरा बसायला मिळेल त्यांना.
परकार हसले नाहीत. पाण्याची बाटली उघडून
बराच वेळ नुसती हातात धरून बसले.
"आठ वर्षं झाली सोडून," म्हणाले,
"कान काही पेन्शनीवर जात नाही."

सिग्नल झाला. नळाशी उरलेले लोक
पळाले नाहीत, चालत आले.
गाडीनं हिसका दिला आणि मिठाची पुडी
माझ्या मांडीवर सांडली.
झटकली नाही.
राजापूरपर्यंत बोट लावून चाखत राहिले,
एका हातानं खिडकीचा गज धरून,
खालचा ठक् ऐकू येतो का बघत.