शंकरपाळी

रज्जाकच्या रद्दीत सापडली ही पाकिटं,
सेलूच्या जुन्या जिनिंगच्या दप्तरातली, किलोच्या भावानं.
केमनिट्झहून आलेली बिलं, पट्ट्यांची, दात्यांच्या चाकांची,
आणि कोपऱ्यात ती बाई:
छातीला चिलखत, डोक्यावर मुकुट, मुठीत तलवार,
आमच्या कापसाकडं एकदाही न बघितलेली.

बत्तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले मी.
तिकिटाचं तोंड कधी बघितलं नाही.
बघायचं कशाला, मारायचं होतं.

आता बघतो. उशीरच झाला म्हणा.
दहा फेनिगच्या लाल बाया, एकसारख्या अकरा.
पण अकरा एकसारख्या नाहीत त्या.
भिंगाखाली चिलखतावरच्या रेघा मोजल्या
तर चौघींच्या सुट्या सुट्या, केसासारख्या,
बाकी सातजणींच्या शाई फुटून एकमेकींत गेलेल्या.
लढाईआधीची छपाई आणि लढाईतली छपाई,
पुण्याच्या मालशांनी पोस्टकार्डावर कळवलं.
शाई हलकी झाली, हात हलका झाला,
बाईचा चेहरा तेवढा तोच ठेवला.

मग पाठ बघायची.
बालाजी फोटोवाल्यानं दिलेली काळी बशी,
तिच्यात लायटरचं पेट्रोल, तळ झाकेल एवढंच,
तिकीट पालथं टाकायचं आणि दम धरायचा.
कागदाच्या पोटातून वर येतात शंकरपाळी,
एकाला एक लागून, दिवाळीच्या डब्यातल्यासारखी.
पेट्रोल उडालं की गेली.
ज्याच्या पोटात शंकरपाळी नाहीत, ते आणखी आधीचं.
याला जलचिन्ह म्हणतात.
आमच्याकडं नळ आठव्या दिवशी येतो.

तेवीस सालचं पाकीट मात्र वेगळंच.
पुढं जागा पुरली नाही म्हणून पाठीवरही तिकिटं,
हजार खोडून लाख, कोटी खोडून हजार कोटी.
काहींना दातेसुद्धा नाहीत, नुसत्या चिरा.
एवढ्या पैशात एक चिठ्ठी आली जिनिंगला, टाइप केलेली:
पट्ट्याचा दर कळवता येत नाही,
सकाळचा संध्याकाळी राहत नाही.

मालशे लिहितात, जपून.
या तिकिटांवर खोटे शिक्के फार.
कोरं तिकीट चिल्लरीचं, टपालातून गेलेलं मोलाचं,
म्हणून लोकांनी मागाहून मारून ठेवले.

हे मला शिकवू नका, मालशे.
खोटा शिक्का नीट बसतो.
गोल पुरा उमटतो, तारीख वाचता येते.
खरं मारणाऱ्याला पुढची थैली दिसत असते,
त्याचा हात घसरतो,
अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर,
एकीकडं शाईचा चिखल, दुसरीकडं नुसती खरवड.
हा बघा, उजवीकडं झुकलेला.
खांदा दुखत असणार त्याचा.
माझाही असाच पडायचा, बाराच्या गाडीआधी.

किंमत?
पाकीट फाटकं आहे, शंभर-दीडशे समजा, असं मालशे म्हणतात.

"अहो, नळ आला!"
सिंधू ओरडते ती शेजारच्या गल्लीलाही कळावं म्हणून.
बशीत तिकीट तसंच सोडून घागरी लावायला पळतो,
मग टाकी, मग बादल्या, मग चहाचं पातेलं सुद्धा.
परत येतो तोवर बशी कोरडी,
तिकिटाचे कोपरे वर वळलेले.
चिमटा सापडत नाही, बोटानंच उचलतो,
आणि काठावर उमटतो माझ्या ओल्या बोटाचा ठसा,
अर्धा,
तिरका.