एकास बारा

त्या नऊ पायऱ्या मीच ओतल्या होत्या.
शेवटचीच्या कडेला सालही कोरलंय, खिळ्यानं.
एकविसाव्या वर्षी माणूस कुठेही साल कोरतो.
रुस्तावीत तेव्हा पोलाद इतकं, की बागेच्या पायऱ्यांनाही
सळया दुप्पट घातल्या.
टिकाव्यात म्हणून.
टिकल्या.

तेच तर.

समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर त्सिआला शिवण शिवते.
लिफ्टच्या डब्यात नाणं टाकून खाली येते,
खुर्ची रेटत रस्ता ओलांडते,
माझ्या पहिल्या पायरीशी चाकं वळवते
आणि बेकरीतून पाव घेऊन घरी जाते.
अकरा वर्षं.
मी बघायचो. हात करायचो.
तीही करायची.

विचारलं ते नातियानं, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या पोरीनं.
जिन्याजिन्यात चिठ्ठी लावली: शनिवारी फावडं घेऊन या.
माणसं आली चौदा, फावडी सहा.
उरलेल्यांनी सल्ले दिले.

पहिला उतार आम्ही एका दिवसात उरकला.
पायऱ्यांच्या बाजूला, सरळ, गुळगुळीत,
मी स्वतः थापी फिरवलेली.
आठवडाभर पाणी मारलं सकाळ-संध्याकाळ.
त्सिआला आली, अर्ध्यापर्यंत गेली,
चाकं थबकली, मग मागे निघाली.
तमाझी होता म्हणून धरली.
श्वास परत आल्यावर म्हणाली,
“हा उतार नाही रे, वाख्तांग.
ही आडवी पडलेली पायरी आहे.”

मग गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली.
वीतभर चढायचं तर बारा विती लांबी.
एकास बारा.
नऊ पायऱ्यांचे सोळा मीटर झाले, वर चार बोटं.
घणानं फोडताना
माझाच कोबा मला शिव्या देत होता.

सोळा मीटर सरळ जागा नव्हती. मध्ये तुतीचं झाड.
तोडा, म्हणाले निम्मे.
निम्मे झाडाखाली जाऊन उभे राहिले.
दोन शनिवार नुसतं भांडण, त्यात एकदा मारामारीही होणार होती,
पण तेवढ्यात कोणीतरी चीज आणि काकड्या सोडल्या.
शेवटी उतारच वळला झाडाभोवती,
मध्ये दम खायला सपाट जागा ठेवून.

आणि वरची वाट?
खडी काढायची ठरली, चाकं रुततात.
तर ओतारी काठी आपटत आला.
डोळे गेलेत त्याचे, कारखान्यातच, भट्टीपाशी.
“खडी काढलीत तर मी कुठल्या वाटेवर आहे
हे मला कोण सांगणार? तुम्ही?”
आम्ही गप्प.
फरशी मधोमध घातली,
कडेनं हातभर रुंद खडी तशीच राहिली.
आता तो येतो तेव्हा आधी ऐकू येतो.

कठडे तमाझीनं वाकवले, वेल्डिंग केलं.
दोन उंचीचे, मोठ्यांना एक, पोरांना एक.
हिरवा रंग कमी पडला,
म्हणून शेवटचे दोन मीटर निळे आहेत.

नातिया म्हणाली, यावर साल कोरा.
मी ओळंबा खिशात घातला, म्हटलं, राहू दे.
हे अजून फोडावं लागेल कदाचित.

रविवारी त्सिआला चढली.
कोणी हात लावला नाही, तिनंच बजावलं होतं.
वळणावर थांबली. पिकलेल्या तुती चाकांखाली चिरडल्या,
दोन जांभळ्या रेघा वरपर्यंत गेल्या.
आम्ही टाळ्या वाजवायच्या तयारीत
अवघडून उभे.

वर पोचल्यावर ती बागेकडे पाहत नव्हतीच.
खुर्ची वळवून रस्त्यापलीकडे,
चौथ्या मजल्याकडे बघत राहिली बराच वेळ.

“अगं बाई,” म्हणाली,
“माझा पडदा किती मळलाय.”