हाप्यातली रात्र

दिवस बुडताना पर्बता मोठमाय रोहूला कुशीवर घेते,
तिच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकते,
अंगठ्यानं पोट चाचपते.
"हे देईल. थे दुसरी नाई, थे अजून आयकत नाई."

मी खवल्याखाली सुई तिरपी घालते.
किलोला अर्धा मिली.
माझ्या एम.एस्सी.चं काम एवढंच,
मग बांधावर बसणं.

हाप्याच्या जाळीत एक मादी, दोन नर आणि अंधार.
तिच्या पोटात तीनेक लाख अंडी,
एकेकात अर्धगुणसूत्री विभाजन सुरू होऊन
पहिल्याच पायरीवर अडलेलं,
बांधीत रोवणाऱ्या बाईनं उचललेला पाय
चिखलावर तसाच धरून ठेवावा तसं.

"सुईत का असते?"
निरोप, मी म्हणते.
तो पोचला की अंडं एक नवं प्रथिन घडवतं,
ते जुन्या, निजलेल्या प्रथिनाला बिलगतं,
आणि त्या जोडीवर एक फॉस्फेट येऊन बसतं:
फॉस्फरस एक, ऑक्सिजन चार.
तेवढ्यानं केंद्रक काठाशी सरकतं, त्याची भिंत विरते,
पाय खाली टेकतो.

"तलाठ्याचा शिक्का."
हो. पण आपल्यात उलटं, मोठमाय.
बाईच्या अंड्यात अडवणारा शिक्का आधीच मारलेला,
तो पुसला की चालणं सुरू.
शाई तीच. कुठे लावली त्यावर सारं.

ती खर्रा घोटत राहते.
"मंग माहा शिक्का पुसलाच नसन."
पुसला होता, दर महिन्याला.
दोन पावलं चाललं, अन् पुन्हा थांबलं.
दुसरा थांबा असतो. तिथं कोणीतरी यावं लागतं.

बोलून गेले आणि जीभ चावली.
बेचाळीस वर्षं झाली तिच्या लग्नाला.

"म्हनजे थांबनं बिघाड नोहे."
नाही. थांबणंही कामच. त्यालाही फॉस्फेट लागतं.

तीनच्या सुमारास हापा खळबळतो.
टॉर्चच्या उजेडात अंडी,
भिजत्या साबुदाण्यासारखी फुगत चाललेली.
ती मगानं मोजते. एक. दोन. अडीच.
कुणाला तरी हिशेब द्यायचा असल्यासारखं पुटपुटते.

मग टाक्यातली ती न ऐकणारी रोहू
दोन्ही हातांवर घेऊन तलावात उतरते, कमरेपर्यंत.
"जाय बाई. तुले कोनी घाई नाई केली."
मासोळी केव्हाच गेलेली.
हात अजून पाण्याखाली.