थंड इंजिन

जुनी गाडी बघायची तर सकाळी सातच्या आत
आणि फोन न करता.
कुंदाला मी एवढंच सांगितलं होतं.
मालक आधीच इंजिन तापवून ठेवतो,
आणि तापलेलं इंजिन पाहुण्यांपुढे
शहाण्या मुलासारखं वागतं.
खरं काय ते गारठ्यात खोकून सांगतं.

मकरपुऱ्याला सोसायटीच्या भिंतीला टेकून
उभी होती पांढरी व्हॅन. आठ सीटची, डिझेल.
कुंदा दांडिया बाजारात भांडी भाड्याने देते,
मुंजीला, बारशाला, तेराव्याला.
साठ पातेली, चार कढया,
आणि एक पितळी घंगाळ, जे कुणीच मागत नाही.
रिक्षात मावत नाही, ट्रक बोळात शिरत नाही.
"मधली गाडी हवी, काका," म्हणाली होती.

रजनीभाई बनियनवरच बाहेर आले.
"एक ज हाथे चाली छे, बेन. फक्त एकसठ हजार."
मी बॉनेटवर तळहात ठेवला.
गार.
चला, निदान इथवर खरं.

मग क्लचचं पॅडल.
रबरावरच्या रेघा पार गेलेल्या,
देवळाच्या उंबऱ्यासारखं गुळगुळीत.
एकसष्ट हजारांत एवढं झिजत नाही.
मीटरला मागे फिरवता येतं,
रबराला येत नाही.
कुंदाकडे बघून नुसती मान हलवली,
तिने पर्समधून वही काढली.

ऑइलचं झाकण उघडलं.
आतून ताकासारखा फेस असता
तर चहा न घेता परतलो असतो. नव्हता.
सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढला.
विश्वामित्री तिथे रेघ सोडून जाते मातीची,
कितीही धुवा. रेघ नव्हती.
सायलेन्सरचा धूर क्षणभर निळा, मग विरला.
दुसऱ्या गिअरमध्ये जराशी कुरकुर.
या आकाराच्या गाड्यांना ती असतेच,
जन्मभर ओझं, आणि बिजागरीपासून बेअरिंगपर्यंत
सगळं छोट्या गाडीचं.

उरलं सरकतं दार.
ओढलं. दोन वीत सरकलं, अडलं,
आणि मग
टक.

असा आवाज दोनदा ऐकू येत नाही आयुष्यात.
मी गुडघ्यावर बसलो, चष्मा पुसला.
रुळाच्या टोकाला, रोलरच्या मागे,
पत्र्याची एक पट्टी.
तिच्यावर वेल्डिंगचे दोन टिपके,
एक जाड, एक बारका, उलट्या बाजूने ओढलेले.
डावखुऱ्या माणसाचे.

कडेला पांढरा रंग उडाला होता.
खाली पिवळा.
"शाळेची होती ही?" मी विचारलं.
रजनीभाई म्हणाले, असेल, काय माहीत,
आणि चहाला हाक मारली.

प्रतापनगरची माझी शेड. बारा वर्षं झाली असतील.
संध्याकाळी लाइट जाऊन येत होते,
पुतण्याच्या लग्नाला वरात निघायची होती,
ब्रॅकेट मिळालं नव्हतं.
शेंगदाणा तेलाच्या डब्याचा पत्रा कापला,
ठोकला, टाचला, वर ग्रीस फासलं.
बिलावर लिहिलं: ब्रॅकेट नवीन, बाराशे.
सकाळी बदलू म्हटलं होतं.
सकाळी गाडी चौदा पोरं घेऊन
सुभानपुऱ्याच्या दिशेने गेली.

चौदा पोरं. दाराला पाठ टेकून.
त्यातली काही आता स्वतः गाडी चालवत असतील.
पट्टीने धरून ठेवलं. कसं, ते मला माहीत नाही.
आणि मी इतकी वर्षं लोकांच्या गाड्यांतली
दुसऱ्यांची लबाडी शोधून देतोय,
एका वेळचे पाचशे.

"काका? घ्यायची का?"

"इंजिन चांगलंय," मी म्हटलं.
"क्लच प्लेटचे तेरा हजार कमी करायला सांग,
मीटरच्या खोटेपणाचे आणखी दहा.
दार मी करून देईन. नवं ब्रॅकेट, खरं.
त्याचे पैसे नकोत."
"असं कसं, काका?"
"घेतलेत."

तिला कळलं नाही. रजनीभाईंनी बशीत चहा ओतला.
ती तिकडे दार ओढत होती,
पुन्हा लावत होती, पुन्हा ओढत होती,
घंगाळ आत जाईल का बघत.
टक.
टक.
"हळू," मी म्हणालो, "जरा हळू."