चाळीस सेकंद काळोख

गिम्लीत, गोठलेल्या तळ्यावर,
अकरा दिवसांत उरकला आम्ही सिनेमा.
पैसे दिग्दर्शिकेच्या मावशीच्या मासळीच्या दुकानातले,
म्हणून नायिकेच्या कोटालाही तोच वास.

तो बर्फाला भोक पाडून
तिनं फेकलेली अंगठी गळाला लावू पाहतो,
एवढीच गोष्ट.

शेवटच्या शॉटला थंडीनं कॅमेऱ्याची बॅटरी मेली.
त्या दोघांना कुणी सांगितलंच नाही.
माइकची काठी धरून मी उभा, कानांवर हेडफोन:
कोटाला कोट घासला,
सिग्रूनला शिंक आली, मग हसू,
आणि पटकथेत नसलेलं काहीतरी
हाल्डोर पुटपुटला.

पडद्यावर आता तिथे नुसता काळोख.
समीक्षक म्हणाले, केवढं धाडस!

ते शब्द तेवढे मी पुसले.
शिंक ठेवली.