लोडिंग

चारशे बारा मॉड.
मूळ खेळात होता एक डोंगर, एक किल्ला, पाच-सहा चोर.
आता त्यात कात्रजचा बोगदा आहे,
बोगद्यातून खोकत येणारी लाल बस,
घोड्यांना चार तऱ्हांची आयाळ
आणि धान्याच्या कोठारात प्रत्येक पोत्याला वेगळी शिवण.

सुरू व्हायला अकरा मिनिटं.
डबल क्लिक करायचं, तांदूळ धुवायचे,
तिसऱ्या शिटीला पट्टी निम्म्यावर.
धनकवडीच्या या खोलीत
मी जो काही स्वयंपाक शिकलो
तो त्या पट्टीपायी.

तपकीर गल्लीत बोथरानं
माझी जुनी डिस्क कानाशी धरली.
‘ही वाचत नाही साहेब, दळते.’
नवी घेतली. बसवली.
अकराची सात झाली.
पण सात का?

ओव्हाळ फोनवर म्हणाला, अर्धे बंद कर.
सुरू कर, बघ. मग उरलेल्यातले अर्धे.
चोर शोधायचा तर आधी अर्धं गाव निर्दोष सोडायचं.

दोनशे सहा.
एकशे तीन.
बावन्नला बोगदा गेला, बस कड्यावरून सरळ खाली.
सव्वीसला घोडे टकले.
तेरा, सात,
खाली दुधाचे क्रेट आपटले तेव्हा चार,
मग दोन.
मग

बोका_शेवटचा_खरंच_शेवटचा.
बनवणार : ऋजुता, नववी ब.

आठ वर्षांपूर्वी भाऊबीजेला
ओवाळणीच्या बदल्यात दिलेला पेन ड्राइव्ह.
‘टाक तुझ्या गेममध्ये.’ टाकला होता.
काकांचा लग्नातला कॅमेरा मागून
सोसायटीच्या टाकीवरचा बोका तिनं
केसागणिक टिपलेला, नव्वद फोटो,
एकेक सहा हजार पिक्सेल रुंद.
लहान करायचे असतात, हे तिला
कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मी.

रोज तो आधी चढायचा मेमरीत, मग किल्ला.
आणि मी कोठारामागे एकदाही गेलो नव्हतो.

म्हणून एकदा सगळं होतं तसं लावलं.
पुरी सात मिनिटं बसलो, गॅस न पेटवता.
घोडा सोडला, कोठाराला वळसा घातला.
होता. डावा कान फाटका,
नाकाला डिस्टेंपरचा निळा डाग,
आणि जवळ जाऊन पाहिलं तर
उजव्या डोळ्यात, बुबुळाच्या काठाला,
दोन वेण्या, कॅमेरा, एक मिटलेला डोळा.

एकोणनव्वद फोटो मी लहान केले.
शेपूट धूसर झाली, मिश्या विरघळल्या.
डोळा ठेवला तेवढाच.

ऋजुताला कळवलं, बोका सापडला.
हिंजवडीहून तासाभरानं उत्तर :
कुठला बोका?

एक मिनिट दहा सेकंद.
लिहून खोडत होतो, तोवर पट्टी भरली.
तांदूळ अजून
डब्यातच होते.