तीन पिढ्यांचा कागद

कोपरखैरण्यात, सेक्टर एकोणीस, रो-हाउसचा तळमजला.
सुखटणकर बाईंनी टिपॉयवर कागद पसरला.
आई, बाप, दोन्हीकडचे आजे, पणजे,
चौकटीतून चौकट फुटत गेलेली,
प्रत्येकाला नाव, नंबर, शिक्का.
एका पणजोबाच्या नावाआधी ‘चॅम्पियन’.
“अस्सल यॉर्की,” बाई म्हणाल्या,
“तीन पिढ्या एका नजरेत.”

मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

आमच्याकडे होता एकच दाखला,
आजेसासऱ्यांचा, अकोले तालुक्यातल्या एकशिक्षकी शाळेचा.
जातीच्या रकान्यात गुरुजींनी घाईत लिहिलेलं ‘को.’
आणि ते टिंब.
त्या टिंबाच्या पुढचं शोधता शोधता
हर्षालीच्या प्रवेशाची दोन वर्षं गेली.
ठाण्याला, समितीच्या टेबलापलीकडून
साहेब विचारत होते:
कुलदैवत कुठलं? हळदीला काय गाता?
मेल्यावर पुरता की जाळता?
हिचे बाबा सगळ्याला उत्तर देत गेले.
शेवटच्या प्रश्नाला त्यांनी माझ्याकडे बघितलं.
निकाल हातात आला तेव्हा ते नव्हते.

हर्षाली कागदाकडे बघतच नव्हती.
फरशीवर मांडी घालून बसलेली,
डॉक्टर झाल्यापासून तिची बोटं आधी बघतात.
एकाची टाळू अजून मऊ, बोट तिथे थबकलं.
एकाची बेंबी फुगलेली.
तिसऱ्याचा मागचा पाय तिने हळू वाकवला,
गुडघ्याची वाटी जागेवरून सरकली,
मलाही कळलं, तिचा चेहरा बघून.
चौथी कोपऱ्यात माझी चप्पल ओढत होती,
चप्पल तिच्याहून लांब.
हिरडी दाबली: पांढरी, लगेच गुलाबी.
मागून टाळी वाजवली
तर वळून आमच्यावरच भुंकली,
म्हणजे भुंकायचा विचार केला.

“आई दाखवा,” हर्षाली म्हणाली.
आई आली, कपाळावरचे केस रबरबँडमध्ये बांधलेली.
हुंगलं, चाटलं,
आणि मग जाऊन पिल्लांच्या आणि आमच्या मध्ये उभी राहिली.
“टीकप म्हणून नाही ना विकत?”
“टीकप चहासाठी असतो,” बाई म्हणाल्या.
“आत्ता काळी दिसतेय, पण वर्ष-दीड वर्षात निळसर होईल,
पोलादासारखी.”
मी विचारलं, “मग कागदावर रंग कुठला लिहिता?”
बाईंना ते विनोदी वाटलं.

पैसे मोजायला पर्स उघडली
तर बाईंनी हात आडवा धरला.
“आधी मला विचारायचंय.”
माझी पाठ आपोआप ताठ झाली.
फोल्डर आणलं नव्हतं.

“घरात दिवसभर कोण असतं?”
मी.
“कितवा मजला? बाल्कनीला जाळी आहे?”
आहे, कबुतरांसाठी लावलेली.
“दर चार तासांनी खायला लागतं हिला.
साखर उतरली तर मान टाकते, हिरडीला मध लावावा लागतो.
रात्री तीनला कोण उठणार?”

मी म्हटलं, तशीही जागीच असते.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.
मग टोपलीतून एक फडकं काढलं,
आईच्या अंगाचा वास असलेलं,
आणि माझ्या मांडीवर ठेवलं.
नाव विचारलं नाही. आडनावही नाही.
ते पावतीवर लिहिताना विचारलं,
तेही स्पेलिंगसाठी.

कागदावर तिचं नाव चार शब्दी, मध्ये ‘ऑफ’.
घणसोलीला पोचेपर्यंत ती हुलगी झाली,
रंग तोच, आकार जवळपास तोच.
कागद मी कपाटात ठेवला,
हर्षालीच्या वैधता प्रमाणपत्राच्याच फोल्डरमध्ये.
दुसरी कोरडी जागा नव्हती.

तीन वाजता ठाणे-बेलापूर रस्त्यावर टँकर बदलतात गिअर.
मी उठते. वाटी, कोमट पाणी, भिजवलेले दाणे.
ती खाते, वाटी सरकत सरकत
फ्रिजपर्यंत जाते, तीही मागोमाग.
मग बसून माझ्याकडे बघते.
अजून? मी विचारते.
अजून.